ॲम्ब्रोझ टटलचा दोनशेवा विजय

ओवेगो, न्यूयॉर्क
मंगळवार, १२ मार्च १९०७

आदरणीय मेव्हणे होझिया यांस,

पत्र पोचले. तुमचा गुडघा दुखतो हे वाचून वाईट वाटले (डावा की उजवा, ते लिहायचे राहिले आहे). ताईला माझा नमस्कार सांगा. मला तीन दिवस, खरे म्हणजे अडीच दिवस, खोकला होता.

काम तुमच्या छिन्नीचे आहे. आमच्या बेसबॉल क्लबचा जुना पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, ॲम्ब्रोझ टटल आपल्या थडग्याचा दगड जिवंतपणीच करून घेतो आहे. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघणे कठीण. मजकूर मी द्यायचा, कारण क्लबच्या सगळ्या वह्या माझ्याकडे आहेत (धंदा घोड्यांचे जीन शिवण्याचा आणि शाळा चारच हिवाळे, पण वहीत एक खाडाखोड सापडणार नाही).

तर कोरा : सात वर्षे पिचर. १८८३ साली सत्तर सामन्यांपैकी एकसष्ट सामन्यांत एकट्याने चेंडू टाकले. चार जुलैला दोन सामने, मध्ये दोन अख्खे ॲपल-पाय खाऊन (तो तीन सांगतो). त्या काळी चेंडू उंच हवा की खाली, हे फलंदाजाला विचारूनच टाकावा लागे. ॲम्ब्रोझने विचारून विचारून त्यांना बाद केले. एकूण विजय १९९.

इथे तो अडून बसला आहे. कॉर्टलंडविरुद्धचा ९ सप्टेंबर १८८४ चा सामना. नेमलेल्या पंचाची गाडी चुकली, म्हणून रिवाजाप्रमाणे दोन्ही कप्तानांनी प्रेक्षकांतला एक चोख माणूस पंच केला (मीच तो). शेवटचा डाव, बरोबरी, आमच्या गड्याने फटका मारला आणि ॲम्ब्रोझ दुसऱ्या तळावरून धावत येऊन घसरत होमवर, म्हणजे विजयाची धाव पुरी होते त्या तळावर, पोचला. मी बाद दिला. कॉर्टलंडवाल्यांना पाच-चाळीसची गाडी गाठायची होती, म्हणून सामना तिथेच अनिर्णित सुटला. पुढच्या वसंतात ॲम्ब्रोझचा खांदा गेला.

शनिवारी तो काठी टेकत दुकानात आला. म्हणाला, "सायरस, चेंडू यायच्या आधी मी पोचलो होतो, गड्या. निदान आता तरी दोनशे म्हण!"

"वहीत बाद आहे," मी म्हणालो.

"मेल्यावर मी आत, तुझा आकडा बाहेर. तूच वाचत बस!" असे म्हणून तो गेला. दार लावलेसुद्धा नाही.

तरी १९९ च. वही ती वही.

तुमचा,
सायरस पेटिबोन

ता. क. आकडा तूर्त खडूनेच लिहावा.

ता. क. २. रविवारी ती वही पुन्हा काढली. फटक्याची नोंद सुवाच्य आहे, वेळेसकट. ती मी फटका बसताक्षणी, मैदानात उभ्याउभ्या केली होती. मान वर केली तेव्हा होमवर नुसती धूळ होती.

ता. क. ३. २०० कोरा. ॲम्ब्रोझने विचारले तर दगडवाल्याची चूक झाली असे मी सांगेन. तुम्ही मनावर घेऊ नये.