वार लागी गई

२ नोव्हें., रवि.
मिल बंद. दिवाळीला गावी गेलेले कारागीर अजून परतले नाहीत, सुरतेजवळच्या पलसाण्याची निम्मी धुराडी गार आहेत. दुपारी योगेशचा व्हिडिओ कॉल आला. शांतिसेनेचं निळं हेल्मेट डोक्यावर चढवून आईला दाखवलं. शोभा म्हणाली, "टोपी चांगली शे, पण तू सुकी गया." मला त्या निळ्यात हिरवट झाक दिसली. मोबाइलचा दोष की त्यांच्या रंगाचा, देव जाणे. तीस वर्षं कलर मास्तरकी केली की माणूस पोराच्या तोंडाआधी शेड बघतो.
पोरगं अजून तसंच बोलतं. अहिराणीत सुरू करतं, गुजरातीत संपवतं. शाळाच गुजराती.
२० तारखेला त्यांची तुकडी बदलणार, आफ्रिकेतलं वर्ष पुरं. शोभानं कॅलेंडरवर लाल गोल केलाय. त्याच्याखाली "भरीत" असंही लिहिलंय.

५ नोव्हें., बुध.
तिकडं पेटलं. टीव्हीवर दिसलं. एकीकडे त्यांच्या सरकारची फौज, दुसरीकडे बंडवाले, आणि मधोमध आपली पोरं. भांडणात आपलं काहीच नाही. टीव्हीवर चार जण एकाच वेळी ओरडत होते, सैन्य परत बोलवावं की नाही. कोणाचंच नीट ऐकू आलं नाही.
माझं मत: बोलवावं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथं तिसऱ्याच्याच डोक्यात दगड.
शोभाला मत विचारलं नाही. तिनं टीव्ही बंद केला.

८ नोव्हें., शनि.
संध्याकाळी मिलवरून आलो तर दार सताड उघडं, घरात शेजारच्या बाया. शोभा भिंतीला टेकून बसलेली. दुपारी योगेशचा फोन आला होता, जेमतेम अर्धा मिनिट, आवाज तुटत होता.
"मना पोऱ्याले वार लागी गया," म्हणाली. "त्यानीच सांगं. रस्तामा वार लागी गया, आई, काळजी नको करू. आणि फोन कट."
कुठे लागला? हात, पाय? ती पुन्हा पुन्हा तेच म्हणते, रस्तामा. मी फोन लावला, लागत नाही. पलटणीच्या नंबरवर साहेब म्हणाले, आमच्याकडे तसं काही नाही, कळलं की कळवू. तसं काही नाही म्हणजे काय? नसेल कळलं त्यांना अजून.
'काळजी नको करू' म्हणाला म्हणजे मोठाच असणार. लहान खरचटलं असतं तर बोंब मारली असती, मी ओळखतो त्याला.
पुढे लिहवत नाही.

९ नोव्हें., रवि.
भास्कर अण्णा आले. आपल्या खानदेश मंडळाचे अध्यक्ष, बोलायला लागले की माइक लागत नाही. सोबत टाइप केलेला अर्ज, संरक्षण खात्याच्या नावे. "आमच्या वसाहतीतील जवान परक्या युद्धात जखमी झाला आहे. सैन्य तात्काळ परत बोलवावे." पहिली सही माझी. संध्याकाळपर्यंत दोनशेवर सह्या. धुळे-नंदुरबारवाले तर होतेच, लूमवरचे परभणीचे, यवतमाळचे लोकही आले, किराणावाले कांतिभाईसुद्धा. पर्वत पाटियाच्या आमच्या वस्तीत एवढी माणसं आपल्यासाठी दारात उभी राहतात हे आज कळलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, रडू आलं.

११ नोव्हें., मंगळ.
मिलवर गेलो, घरी बसवेना. दुपारी डिस्पॅचमध्ये सॅम्पल द्यायला गेलो. तिथला जिग्नेश फोनवर गिऱ्हाईक पार्टीला समजावत होता, "भाई, ट्रक रस्तामां छे. वार लागी गई. काले माल मळी जशे."
मी तिथंच थांबलो.
वार लागी गई. म्हणजे उशीर झाला! तीस वर्षं रोज दहादा ऐकतो मी हे. शोभालाही माहीत आहे, भाजीवाला तिला रोज हेच ऐकवतो. पण त्या दिवशी फोन तुटत होता आणि टीव्हीवर तीन दिवस गोळ्या चालत होत्या. आपल्या अहिराणीत 'वार लागी गया', त्यांच्यात 'वार लागी गई'. एवढासा फरक फोनमध्ये गेला.
जिग्नेशला म्हटलं, पुन्हा बोल. त्याला वाटलं मास्तर लॉटवरून चिडले. मी रंगाच्या पिंपांमागे जाऊन आधी हसलो, मग ढसाढसा रडलो. मग शोभाला फोन.
"म्हणजे वार नई?"
"आहे. पण गुजराती."
मग म्हणाली, "मंग उशीर कसाले व्हयना?"
आणि खात्री तरी कुठे आहे? ओल्या कापडावर शेड पास करायची नाही, सुकल्यावर ती बदलते, हे पोरांना शिकवतो ते मलाच लागू. त्याचा फोन येईस्तोवर कोणाला सांगायचं नाही असं ठरलं.

१३ नोव्हें., गुरु.
फोन आला!! धडधाकट आहे. विमानतळ बंद, बदलीची तुकडी अडकली, तेच सांगत होता. वाराची गोष्ट ऐकून इतका हसला की मागून दुसरी पोरं विचारायला लागली. आई, तुझं गुजराती कच्चं, म्हणे. शोभानं त्याला शिव्या घातल्या, पाच दिवसांच्या साठलेल्या.
मग मी अर्जाचं सांगितलं. तो म्हणाला,
"पप्पा, यायचंय मला. कोणाला नको असतं? पण आमच्या कुंपणाला लागून शेकडो बायापोरं राहतात. एक म्हातारी रोज सकाळी गेटवर येते आणि आमची हेल्मेटं मोजते. बोट करून, एकेक. कमी तर नाही झालो ना, बघते. तात्काळ म्हणजे उद्या निघालो, तर तिनं काय मोजायचं?"
मी म्हटलं, जेवलास का?

१४ नोव्हें., शुक्र.
भास्कर अण्णांकडे गेलो. म्हटलं, जखमेची ओळ काढा. सगळं सांगितलं. ते आधी हसले, मग म्हणाले, "मास्तर, ऱ्हाऊ द्या ना. जखम खोटी, पण सह्या खऱ्या शेतस. जखमी म्हटल्यावर वर कोणीतरी कागद वाचेल तरी. तुमनाच पोऱ्याले आणी ऱ्हायनूत ना?"
अण्णा वाईट माणूस नाही. खोटं बोलून पोरगं लवकर येणार असेल तर कोणता बाप खरं बोलेल? परत येताना हाच विचार. ओळ राहू दिली असती तर कोणाला कळणार होतं? योगेशला कळलं असतं.

१५ नोव्हें., शनि.
शोभाला सांगितलं की खोटी ओळ काढायची आणि 'तात्काळ'चंही बघू. घरात युद्ध. "तुम्हीन कोणा बाप शेतस? त्या म्हातारीना का मना पोऱ्याना?"
भरीत केलं होतं. ताट असं आदळलं की वाटी उलटली. मुकाट्यानं जेवलो. भरीत फर्मास होतं, पण ते बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

१६ नोव्हें., रवि.
सकाळी चहा देताना तिनं एकदम विचारलं, "ती म्हातारी मोजस. मंग एखादा कमी भरना तर काय करस?"
म्हटलं, योगेशला विचार.
दुपारी फोन आल्यावर तिनं योगेशलाच विचारलं. तो म्हणाला, एकदा दोघं तापानं आत पडले होते. ती म्हातारी दुपारपर्यंत गेटवरून हलली नाही. शेवटी त्या दोघांना उठवून, हेल्मेट घालून, बाहेर नेऊन दाखवलं.
फोन ठेवल्यावर शोभा मजुरीवर आणलेल्या साडीवर खडे चिकटवत बसली. दोन साड्या झाल्या. मग म्हणाली, "कागद घ्या. मी सांगस ते लिखा."
तिनं सांगितलं ते असं: आमच्या मुलाला वार लागलेला नाही, ऐकण्यात चूक झाली. पण वार लागतेय, ती गुजराती वार, आणि ती बंद करा. वर्ष झालं की पोरं बदला. हे युद्ध आपलं नाही, सैन्य परत आणा. पण आधी कुंपणापाशी बसलेल्यांना सुखरूप जागी पोचवा. त्यांना मोजून न्या, आमच्यांना मोजून आणा.
मी फक्त शुद्धलेखन केलं. हिचं सातवीपर्यंत शिक्षण आणि मी स्वतःला मास्तर म्हणवतो.

१८ नोव्हें., मंगळ.
मंडळाच्या हॉलमध्ये सभा. उभं राहून चूक सांगितली. कांतिभाई हसून हसून खुर्चीवरून घसरले. काहींना राग आला. एक जण म्हणाला, आमच्या भावनांशी खेळ केला. बरोबर आहे त्याचं, माफी मागितली. पस्तीसेक लोकांनी नवीन कागदावर सही केली नाही. कोणी म्हणे सैन्य राहावंच, देशाची शान. कोणी म्हणे म्हातारी-बितारी काही नको, आजच आणा. भांडणं झाली, पण टीव्हीपेक्षा बरी, एका वेळी एकच जण बोलत होता.
अण्णा तोंड फुगवून बसले होते. शेवटी उठले. "मास्तर, रंग कळस तुम्हाले, भाषा नई." आणि सही केली. शोभाच्या सहीच्या बरोबर खाली.

२० नोव्हें., गुरु.
लाल गोलाचा दिवस. आला नाही.
बातम्यांत म्हणाले, माघारीबद्दल सरकारचा विचार चालू आहे. आमचा कागद कलेक्टर ऑफिसातून पुढे गेला असं अण्णा म्हणतात, पोचपावती दाखवली. वाचतील? वाचतील असं वाटतंय मला. का वाटतंय, सांगता येत नाही. आज मिलवर एक अवघड निळा पहिल्याच घाण्यात जमला, त्यामुळेही असेल.
संध्याकाळी फोन. तिकडं दोन दिवस शांत आहे. म्हातारीनं आज किती मोजले, मी विचारलं. "सगळे," म्हणाला. "आता मोजून झाल्यावर हसते."
शोभानं फोन ओढून घेतला. कधी येशील?
"वार लागशे, आई," तो मुद्दाम गुजरातीत म्हणाला.
मला वाटलं आता रडेल. ती म्हणाली, "वार लागी तर लागू दे, भाऊ. फक्त वार लागू देऊ नको."