माझ्या यंत्राला माझीच पट्टी

रा. रा. बब्रुवान पाव्हणे यांस,

तामलवाडीहून तुमचे दाजी महारुद्र यांचा रामराम. वाशीकडं उकाडा इथल्याइतकाच असेल, तुमचा गुडघा वाकत असेल (वाकत नसेल तर एरंडेल चोळा, गोळ्या नकोत), वहिनी खुशाल असतील, असं धरून पुढं लिहितो.

या दोन हातांनी आजवर केलेल्या वस्तू: कडबा कापायचं यंत्र, दोन लोखंडी फाटकं, कोंबड्यांचं चाकावरचं खुराडं, आईची काठी (रबरी टाचेसकट) आणि पाच फणांचं पेरणी यंत्र. शिक्षण सातवी. वेल्डिंग कुणी शिकवलं न्हाय, डोळे सुजवून घेऊन शिकलो. यंत्राच्या दोन ओळींतलं अंतर पंचेचाळीस सेंटिमीटर. शेचाळीस म्हणणाऱ्यानं टेप घेऊन यावं.

तर सरकारच्या अवजार अनुदानाच्या लॉटरीत यंदा माझं नाव निघालं. पन्नास हजार. मोबाइलवर पूर्वसंमती आली: यंत्र घ्या, बिल जोडा, तपासणीनंतर पैसे खात्यावर. यंत्र मी दारातच केलेलं, मग बिलही मीच केलं. विकणारा महारुद्र, घेणारा महारुद्र, दोन सह्या, दोन वेगळ्या पेनांनी. (भाव ठरवताना घेणाऱ्यानं लई घासाघीस केली, विकणाऱ्यानं दोन हजार सोडले. बिलात तसं नमूद आहे.)

तपासणीला कृषी खात्याच्या समृद्धी मॅडम आल्या. पोरगी हुशार. टेप लावला, पंचेचाळीसच भरलं. मग बिल वाचलं आणि ओट्यावर बसल्याच. “काका, स्वतःच स्वतःला विकलं?” मी म्हणालो, “म्हणून तर फसवायला जागा न्हाय, मॅडम.” हसल्या, पण अर्ज परत पाठवला: अधिकृत विक्रेत्याचं बिल न्हाय, यंत्रावर बनवणाऱ्याच्या नावाची पट्टी न्हाय. पट्टी न्हाय कशी? पितळेची आहे, अक्षरं छिन्नीनं कोरलेली: महारुद्र, तामलवाडी, क्रमांक १.

दुसऱ्या दिवशी तुळजापूरचा अवजारांचा दुकानदार योगीराज दारात हजर. (बातमी त्याला कुणी दिली, ते शोधतोय.) “मालक, ही पट्टी काढा, माझी ठोका, बिल मी देतो. तपासणीचा फोटो झाला की पन्नास तुमच्या खात्यात. त्यातले दहा माझे.” मी म्हणालो, “माझ्या पोराला तुझ्या बापाचं नाव लावू व्हय?” चहा पाजला आणि वाटेला लावलं. सरकारनं पेरणी बघावी का पट्टी? वरच्या कचेरीत सात पानी अर्ज टाकलाय, आकृतीसह. अनुदान आलं तर माझ्या पट्टीवर येईल, न्हायतर राहू दे तिकडंच.

तुमचा,
महारुद्र

ता. क. धुरपता तुमच्याकडं आहेच. योगीराजची गाडी वळायच्या आत तुमच्या बहिणीनं पिशवी भरली. “चाळीस हजार घरात आले असते. आता त्या पट्टीलाच भाकरी थापाय लावा,” म्हणाली आणि एसटीत बसली. पेरणी चार दिवसांवर आहे. समजूत घालून परवापर्यंत पाठवा. मी चुकलो असं मात्र सांगू नका. भाकऱ्या करपतात, एवढंच सांगा.

दुसरा ता. क. इथपर्यंतचं तिला वाचून दाखवा, पुढचं तुम्ही एकट्यानं वाचा. ती गेल्यावर योगीराज परत आला. या खेपेला यंत्रच मागितलं, नकाशासकट, स्वतःच्या नावानं बनवून विकायला. नोटा बाजेवर मांडल्या. मी त्या मोजून, बंडलं सारखी करून, त्याच्या पिशवीत परत घातल्या. एक लाख नव्वद हजार.