डोकं त्यांच्याकडे, पाय आपल्याकडे

ती. सौ. ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. (वाकून केला असं समजून घे. हल्ली वाकलं की सरळ व्हायला वेळ लागतो, त्याचं कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की तो आता घरातलाच झाला? मुलं सुखरूप असतील. इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे चालते-फिरते आहोत, याहून जास्त लिहायचा उत्साह नाही. फोन करायला हवा होता हे मला कळतं, पण फोनवर बोलताना आई शेजारी बसते. चहा झालाय म्हणून तीनदा हाक मारली तर तिला ऐकू येत नाही, पण मी फोनवर आवाज खाली केला की तिचे कान सशाचे होतात. म्हणून पत्र.

तर, या सगळ्याची सुरुवात तू केलीस, हे आधी लिहून मोकळा होतो. रागाने नाही लिहीत, राग यायलाही थोडी ताकद लागते. स्मृतिसमितीच्या अध्यक्षांनी (तेच, निवृत्त प्राध्यापक, एक वाक्य सुरू केलं की त्याचा शेवट दुसऱ्या दिवशी सापडतो) तुला फोन केला, आणि तू आपल्या माळ्यावरच्या सैनिकाची गोष्ट त्यांना सांगून टाकलीस. ती गोष्ट काय गुपित होती का? सगळ्या रस्त्याला ठाऊक होती. स्वातंत्र्याच्या लढाईत मित्रदेशाची फौज मदतीला आली, त्यातला एकजण पोटरीत गोळी घेऊन आपल्या दारात कोसळला, आणि बरा होईपर्यंत माळ्यावर राहिला. तू तेव्हा सहा वर्षांची होतीस, आई जेमतेम पंचविशीची, आणि मी जन्मलो नव्हतो, जे बाबांच्या मते घरासाठी त्यातल्या त्यात बरं होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि समितीला ठाऊक होणं वेगळं. ‘मित्रसैनिकांना आसरा देणारी घरं’ अशी त्यांची योजना निघाली होती, आणि नियम असा की एका सैनिकामागे एकच दगडी पाटी.

आता तुला माळा आठवतो ना? आपलं घर आणि पलीकडच्या काकूंचं घर पाठीला पाठ लावून उभी. पुढची दारं दोन वेगळ्या रस्त्यांना, बोळात मात्र दोघींच्या स्वयंपाकघराची दारं शेजारी शेजारी. मधली भिंत तुळईपर्यंत जाते आणि तिथे दमून थांबते. त्यामुळे खाली घरं दोन असली तरी वर माळा एकच; एक तोंड आपल्या घरात उघडतं, दुसरं काकूंच्या. सैनिक होता या माळ्यावर. मग पाटी कुणाच्या दाराला? तू सांगताना ‘आमच्या माळ्यावर’ असं म्हणालीस. तुझं चुकलं नाही. काकूंची मुलंही ‘आमच्या माळ्यावर’ असंच म्हणत मोठी झाली.

अध्यक्ष आले, त्यांच्याबरोबर फीत घेऊन एक मोजणीदार आला. सैनिक नेमका कुठे निजायचा ते बघू, म्हणाले. आईला शिडी चढवत नाही, काकूंना तर शिडीकडे बघूनच चक्कर येते. तेव्हा सैनिकाच्या जागी निजायला घरात कोण रिकामं आहे असं बघितलं गेलं आणि सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. (मी चौकटींचं दुकान बंद करून आलो होतो. गिऱ्हाईक काचेसाठी थांबलं होतं.) वर गेलो, धुळीत आडवा झालो. खालून आपल्या बाजूने आई सांगतेय जरा पलीकडे सरक, पलीकडून काकू सांगतायत इतकं नको, त्याची उशी तुळईच्या अलीकडे होती. दोघी मला न बघता, नुसत्या कुरकुरणाऱ्या फळ्यांच्या आवाजावरून मला हलवत होत्या, आणि गंमत म्हणजे दोघींचं एकमत होतं. शेवटी दोघी एकदम म्हणाल्या, आता बरोबर. मोजणीदाराने फीत लावली. कमरेपासून वरचा मी काकूंच्या हद्दीत, कमरेखालचा आपल्या.

समितीची बैठक झाली. एका सदस्याचं म्हणणं, माणूस जिथे त्याचं डोकं तिथे. दुसऱ्याचं म्हणणं, गोळी पायाला लागली होती, पाय नसता तर हा माणूस माळ्यावर आलाच नसता, म्हणून सन्मान जखमेमागे जातो. मतं घेतली. पाय जिंकला. काकूंचा मुलगा, तो विमावाला, दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातला एक ताडमाड शिपाई घेऊन समितीकडे गेला. सैनिक माझ्याहून उंच होता, माझ्यावरून माप घेणं हा अन्याय आहे, असा त्याचा अर्ज. (यात त्याने माझ्या पोटाचाही उल्लेख केला, जो मला गैरलागू वाटतो.) अर्ज नामंजूर झाला आणि पाटी आपल्या दाराला आली. वर बाबांचं नाव. बाबांनी त्या सगळ्या काळात एकच काम केलं होतं, वर सैनिक शिंकला की खाली जोरात खोकायचं. ते फार चांगलं खोकायचे असं आई सांगते, झडती घेणारे दोनदा त्या खोकल्याला कंटाळून परत गेले. पण तरी पाटीवर एकटे बाबा म्हणजे जरा जास्तच झालं.

झालं. काकूंनी बोळातलं दार लावून घेतलं.

ताई, तुला लांब राहून कळणार नाही म्हणून लिहितो. या दोघी लग्न होऊन आल्यापासून रोज दुपारी त्या बोळात पायरीवर बसतात. शेंगा सोलतात, तांदूळ निवडतात आणि भांडतात. तुझा हात जड, तुझी सून उद्धट, तुझी भाजी कच्ची. हे ऐकत मी लहानाचा म्हातारा झालो. ते भांडण बंद झालं आणि घरात असा शुकशुकाट पसरला की मला दुकानातही करमेना. आई रोज दुपारी दोन पाट मांडायची, एकावर बसायची, आणि बंद दाराकडे बघत शेंगा सोलायची. शेंगा जून आहेत म्हणायची. संध्याकाळी पानावर बसली की दोन घास खाऊन हात धुवायची. डॉक्टर म्हणाले वय आहे. वय कालपर्यंतही होतंच की, तेव्हा ती भाकरीचा तुकडा मागून घ्यायची. मला आईची भीती वाटायला लागली होती, हे तुला सरळच सांगतो.

मी काकूंकडे जाऊन आलो. त्या एवढंच म्हणाल्या, “तुझ्या आईला विचार, पायाला कोणी घास भरवतं का?” हे मी आईला सांगितलं. आई म्हणाली डोक्याला पट्ट्या बांधायच्या नव्हत्या, तिला विचार. मी निरोप्याचं काम सोडून दिलं. आईला म्हटलं, तूच जा की एकदा. तर म्हणाली, “मी कशी जाऊ? पाटी माझ्या दाराला. मी गेले तर मिरवायला आली म्हणेल.” यावर तुझ्याकडे उत्तर असेल तर कळव.

मग गेल्या महिन्यात समारंभ. रस्त्यात खुर्च्या, कर्णा, हार. सन्मानपत्राची चौकट अर्थातच माझ्याकडून करून घेतली, आणि सन्मान तुमचाच आहे म्हणून सवलतही मागितली. (तीस वर्षं मी लोकांच्या सन्मानपत्रांना चौकटी लावतोय. ज्याने केलं थोडं त्याला पट्टी रुंद लागते, हा माझा अनुभव. आपल्यासाठी अरुंद लावली.) मित्रदेशातून त्या सैनिकाची मुलगी आली होती, आपल्याच वयाची, शाळेत शिकवते. सैनिक स्वतः दोन वर्षांपूर्वी गेला. बरोबर दुभाष्या. काकूंचं घर पलीकडच्या रस्त्याला, त्यामुळे त्या दिसत नव्हत्या, पण त्यांच्या माळ्याचं झाकण उघडं आहे हे मला माहीत होतं, कारण त्यांच्या चुलीवरचा वास आपल्या घरात येत होता.

आईला दोन शब्द बोलायला सांगितलं. अध्यक्षांना वाटलं ती स्वातंत्र्यावर बोलेल. आई म्हणाली, तो फार कटकट्या होता. घोरायचा. पत्त्यांत लबाडी करायचा. रोज म्हणायचा मीठ कमी आहे, आमच्या घरात मीठ मिळायची मारामार असताना. दुभाष्याने याचं काय केलं कोण जाणे, तो ‘शूर, शूर’ अशा चेहऱ्याने बोलत होता. पण ती मुलगी आईच्या हातवाऱ्यांवरून समजली असावी, कारण ती तोंड दाबून हसत होती. बापाला ओळखलं तिने.

नंतर ती माळा बघायला वर चढली. दुभाष्या शिडीवर अर्ध्यात अडकला, मी त्याला खालून धरून. वरून तिने काहीतरी विचारलं. दुभाष्या म्हणाला, त्या विचारतायत ही घरं दोन आहेत का. त्यांचे वडील आयुष्यभर एकाच घराबद्दल सांगायचे. त्या घरात दोन बहिणी होत्या, सारख्या भांडायच्या, एक या भोकातून ताट सरकवायची आणि दुसरी त्या भोकातून. तर दुसऱ्या बहिणीला भेटायचंय.

अध्यक्ष म्हणाले कार्यक्रमाला उशीर होतोय. आई शिडीच्या पायथ्याशी उभी होती, ती अध्यक्षांकडे न बघता म्हणाली, “तिला सांगा, तुझ्या बापाला मुद्दाम मधोमध निजवला होता. सापडला असता तर दोन्ही घरं जाळली असती. एकीचं घर वाचलं, एकीचं गेलं असं नको, म्हणून आम्ही दोघींनी ठरवलं होतं. आता हे फीत घेऊन आले.”

मोजणीदार छताकडे बघायला लागला. दुभाष्याने हे मात्र हळूहळू, शब्द शोधत सांगितलं. मग आई म्हणाली, मी बोलावलं तर ती यायची नाही, पोरीला सांगा तिकडच्या तोंडातून वाकून हाक मारायला. ती बाई गुडघ्यांवर रांगत तुळईपलीकडे गेली आणि तिच्या भाषेत हाक मारली. पलीकडून लगेच आवाज आला. काकू शिडीखालीच उभ्या होत्या, ठेवणीतले कपडे घालून. त्या पाहुणीशी काही बोलल्याच नाहीत. वर तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, “मीठ हिच्या हातचं कमी असायचं. माझ्या नाही.”

आई म्हणाली, “दार उघड आणि इकडे येऊन बोल.”

ताई, चार महिन्यांनी. मी दुभाष्याला धरलेलं सोडून दिलं. तो पडला, पण फार नाही. त्या संध्याकाळी आई पोटभर जेवली आणि काकूंनी पाठवलेली भाजी कच्ची आहे म्हणाली.

तर असं सगळं छान आहे. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पाटी आता आपल्या दाराला नाही. दोघींनी ती काढायला लावली आणि माळ्यावर तुळईला ठोकायला लावली, जिथे तो निजायचा तिथे. बाबांचं नाव खडूने झाकलंय, रंग आणायचाय. समितीचं पत्र आलं की सन्मान सार्वजनिक असल्यामुळे तो लोकांना दिसेल अशा जागी हवा. आईने कळवलं की मग लोकांना वर आणा.

ता. क. त्यांनी आणले. आता दर शनिवारी शाळेची मुलं येतात, आणि मास्तरांचं म्हणणं, नुसती पाटी बघून मुलांना काही कळत नाही, तिथे कोणी निजलेलं असलं तर बरं. दोघींनी माझं नाव सुचवलं. मी पोटरीला फडकं बांधून, दुकान बंद ठेवून, दर शनिवारी मित्रसैनिक असतो. पाठीचं कारण तुला आता कळलं असेल. ताई, आता मुद्द्याचं: भावोजी उंच आहेत, निवृत्त झालेत, आणि खोकतातही चांगलं. सैनिक आणि बाबा दोन्ही त्यांच्यात होतील. त्यांना महिनाभर पाठवून दे. आईला आठवण येते म्हणून सांग.

ता. क. घाईने पाठवू नकोस. काल शनिवार होता. मुलं गेल्यावर तिथेच माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा खाली बोळातून दोघींचं भांडण ऐकू येत होतं, आणि माझ्या उशाशी एक झाकलेलं ताट होतं, पायथ्याशी दुसरं. दोन्ही खाल्ली. दोन्हींत मीठ कमी होतं.