कोरसची जागा

बाबा, मागच्या आठवड्यात यवतमाळला तुमचं गाणं गायले. तुमचे कोरसवाले काका ऐकायला आले होते. तुमच्या गायन पार्टीतले आता तेवढेच उरलेत. ढोलकीवाले गेले, बेंजोवाले मामा गेले, झांज वाजवणारे दोघं भाऊ तर एकामागोमाग एक गेले. आईसुद्धा गेली. तुमची-तिची भेट झाली असेल असलं काही आपल्या घरात मानत नाहीत, म्हणून ही बातमी मलाच द्यावी लागते आहे.

मी काय करते तेही तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते. आता पुण्यात माझा एक सोबती आहे, गायकच, आणि आम्ही दोघं मिळून बँड चालवतो. आमच्या गाण्यांना ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. तुम्हाला समजेल असं सांगायचं तर ढोलकीच्या जागी ड्रम, पेटीच्या जागी गिटार, आणि वरून भरपूर कुरकुर. पण चालतं आमचं. मैदानं भरतात, पोरं उड्या मारत आमच्याबरोबर गातात. यंदा मात्र आम्ही ठरवलं की लहान गावांत, लहानशा खोलीत गायचं. माईक नाही, स्पीकर नाही, दोन गिटार आणि दोन गळे. यवतमाळ मी हट्टानं मागून घेतलं, पण कारण सोबत्यालाही सांगितलं नाही. आई गेल्यापासून माझ्या गाण्यातला जीव गेलाय, बाबा. सूर लागतो, टाळ्या पडतात, आत काही म्हणजे काही हलत नाही. रोज मेल्यासारखं गाते. म्हटलं, तुमचं गाणं तुमच्याच मुलखात उघड्या गळ्यानं गाऊन बघू. तिथंही काही जागं झालं नाही तर गाणं सोडून द्यायचं.

ते गाणं मी दारव्ह्याच्या घरी चुलीपाशी शिकले. तुम्ही जिनिंगमधून येता, भुवयांवर कापूस चिकटलेला, आणि तसेच पेटीकडे वळता. आई म्हणते, "आंधी तोंड धुवा, मंग सूर लावा." तुम्ही मिठाच्या पाण्यानं गुळण्या करता आणि भाता ओढता. जयंतीच्या दिवसांत पार्टी घेऊन तुम्ही आर्णीला जायचात, पार महागावपर्यंत जायचात, पण मला कधी नेलं नाही. कार्यक्रम रात्रभर चाले आणि आई मला सोडत नसे. त्यामुळे ते गाणं पार्टीसोबत कसं होतं ते मी एकदाही ऐकलं नाही. मी ऐकलं ते घरातलं, तुमचा गळा, तुमची पेटी आणि आईची भाकर थापणं. 'उजाडलं तरी दार लागलं, हाक मी कोणाले देऊ?' एवढं म्हणून तुम्ही थांबायचात. हात पेटीवर चालू, तोंड बंद. मग पुढची ओळ. एकदा त्या रिकाम्या जागेत मी आपलं ला-ला-ला घुसवलं. तुम्ही पेटीवर केवढ्यानं थाप मारलीत. "थे जागा आपली नोहे. तेथं चूप राह्याचं." मी विचारलं, "काहून?" तुम्ही म्हणालात, "आपली नोहे म्हून." मी मुसमुसायला लागले तेव्हा खिशातला खडीसाखरेचा खडा माझ्या हातावर ठेवलात, पण खुलासा काही केला नाहीत.

मग काय, मी चूप राहिले. बँडसाठी ते गाणं बसवलं तेव्हाही त्या जागी सगळी वाद्यं थांबवली. आणि गाजलं ते तेवढ्यामुळेच. उत्तर नसलेला प्रश्न, माणसाच्या आतली पोकळी, लोकांनी काय काय लिहिलं. मीही मुलाखतींमधून सांगत सुटले की माझ्या वडिलांनी मला मौन शिकवलं. ऐकणाऱ्या पोरांनी तर नेमच करून ठेवलाय, ती जागा आली की भरल्या मैदानात कोणी खोकत नाही.

यवतमाळला एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत कार्यक्रम होता, रविवारी दुपारी. सतरंज्या टाकलेल्या, माणसं इतकी जवळ की पुढच्यांचे गुडघे माझ्या गिटारला लागत होते. अमरावती-वर्ध्याकडून कॉलेजची पोरं आली होती. काकांना त्यांच्या सुनेनं दारव्ह्याहून जीपनं आणलं आणि मागे खुर्चीवर बसवलं. लकव्यानं त्यांचा उजवा हात गेलाय, वाचाही गेली आहे. गाणं त्या ओळीवर आलं, आम्ही थांबलो, खोली चिडीचूप झाली. आणि काकांनी डावा हात कानाशी नेला आणि तोंड उघडलं. आवाज निघाला. खरखरीत, शब्द म्हणून एकही नाही, पण बरोबर मात्रेवर उठला, ती अख्खी जागा भरून आला आणि माझी पुढची ओळ जिथं सुरू होते तिथं येऊन टेकला. पोरांनी मागे वळून "श्श" केलं. एक मुलगी म्हणाली, "आजोबा, प्लीज." सुनेनं लाजून त्यांचा हात खाली ओढला. "मामाजी, गाऊन नका राहू. लोकं पाहून राह्यले."

मला गातागाताच कळलं. ती जागा रिकामी नव्हतीच कधी. तुम्ही विचारायचं आणि कोरसनं उत्तर द्यायचं, एवढं साधं होतं. घरात कोरस नव्हता म्हणून तुम्ही थांबायचात. आणि मी अडाणी, तुमच्या थांबण्याचं तत्त्वज्ञान करून गावभर मिरवत राहिले. पुढच्या कडव्याला मी त्या जागी काकांकडे बघत थांबले, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त. पण ते मान खाली घालून बसले होते. पोरांना वाटलं, आज मी शांतता लांबवली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी दारव्ह्याला गेले. बुद्धविहारात जुन्या बायकांना विचारलं की कोरसवाले तिथं काय म्हणायचे. तुम्ही सगळ्यांच्या ध्यानात आहात. चाल तर त्यांनी लगेच धरली, हातानं ताल देत. बोल मात्र एकीचे दुसरीशी जुळेनात. एक म्हणे, "मायले हाक दे, असं होतं." दुसरी म्हणे, "नाई वो, संघाले." तिसरी म्हणाली की हे गाणंच वेगळं, आणि तिघी भांडायला लागल्या. तुम्ही फक्त तुमच्या ओळी लिहायचात. कोरसला जे द्यायचं ते तोंडी, ढोलकीपाशी बसल्याबसल्या. तुमचा आवाज कुणी कधी टेप केला नाही. म्हणजे तुम्हाला उत्तर ठाऊक होतं, पार्टीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, कितीतरी गावांनी ते कानांनी ऐकलं. नाही ठाऊक ते फक्त मला. इतकी वर्षं मी लोकांपुढे उभी राहून, हाक कोणाला देऊ म्हणून विचारते आहे, आणि खरंच सांगते बाबा, आता मी हाक द्यावी असं कोणीही उरलेलं नाही. त्या जागी थांबले तर ते खोटं. काही जुळवून गायले तर तेही खोटं. पुढचे कार्यक्रम तू एकट्यानं कर, असं सोबत्याला कळवलं आहे. पुण्याला आल्यापासून गिटारला हात लावलेला नाही.

हे पत्र कुठं जायचं नाही, तर एवढं लिहून थांबते. विहारातून निघाल्यावर मी काकांच्या घरी गेले. ते खाटेवर बसले होते. सून म्हणाली, "कालपासून जेवले नाई बाई, रुसून बसले." मी खाली बसले आणि तुमची ओळ म्हटली, हळू, गिटारशिवाय. काकांचा डावा हात कानाशी गेला. ह्या वेळी त्यांना कोणी गप्प केलं नाही. पुन्हा म्हटली, ते पुन्हा आले, मान ताठ, गळ्याच्या शिरा तटतटलेल्या. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि भुवया उंचावून विचारलं, बरोबर आलं का? आणि मी म्हणाले, "बरोब्बर आलं, काका. आता ध्यानात राहीन माह्या." ते इतके खूश झाले की सुनेकडे बघून त्यांनी जेवायची खूण केली. बाबा, मला त्यातलं एक अक्षरही कळलं नव्हतं.