न फोडलेलं खोडरबर

३ नोव्हेंबर, मंगळवार

अत्यंत खेदपूर्वक नमूद करतो की आज सकाळी साडेनऊ वाजता आमच्या संगणकाने समाधी घेतली. बटण दाबलं, पंखा घरघरला, एक बीप वाजली, काळ्या पडद्यावर चार ओळी उमटल्या— आणि मग डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत राहिली. पुढे काही नाही. खालचा हिरवा दिवा मात्र अखंड जळतोय, नंदादीपासारखा.

बंद केला, सुरू केला. सगळ्या वायरी उपटल्या, पुन्हा खोचल्या. अकरा वेळा! शेवटी कुशीत एक थाप दिली.

मुकद्दस दारातून म्हणाली, "अहो दोमला, मारू नका त्याला. विद्यार्थी नाही तो तुमचा."

दोमला म्हणजे गुरुजी. तेवीस वर्षांच्या संसारात बायकोने मला याच नावाने हाक मारली आहे.

साताऱ्याच्या साप्ताहिकाला जाणारं माझं ताश्कंदचं पत्र शनिवारी गेलंच पाहिजे, आणि तो जुना मराठी फॉन्ट फक्त याच पेटाऱ्यात आहे. म्हणून शेवटचं उरलेलं, सीडीच्या ट्रेचं बटणही दाबून पाहायला गेलो, तर ती केवढ्याने ओरडली— "हात लावू नका! फझलिद्दीनला बोलावते."

कोण फझलिद्दीन? तर म्हणे नववी-ब. तिच्या वर्गातला. रेडिओबाजारात दुरुस्तीचा गाळा आहे. "दोन वर्षांपूर्वी बायको गेली बिचाऱ्याची." ही शेवटची माहिती मी विचारली नव्हती.

४ नोव्हेंबर

रेघ लुकलुकते. फझलिद्दीन उद्या येणार. मुकद्दसने आजच पडदे धुतले!

५ नोव्हेंबर, गुरुवार

आला. टक्कल, एक सोन्याचा दात, हातात पेचकसांची पिशवी. मी मनात म्हटलं, ठीक आहे, काळजीचं कारण नाही. आणि मग त्याने तोंड उघडलं.

"अगं मुकद्दस, तुझा नवरा याला मंत्र म्हणून दाखवतो का गं? पार गोठलाय बिचारा!"

"गप रे! अजून तसाच वात्रट आहेस."

रे! आहेस! इथल्या उझबेकमध्येही आपल्यासारखंच आहे. 'सिझ' म्हणजे तुम्ही, 'सेन' म्हणजे तू. आणि इथेही बायको नवऱ्याला तू म्हणत नाही. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी एकदा विनवलं होतं— एकदा तरी सेन म्हण. तिने कानाच्या पाळीला हात लावला— "नवऱ्याला? वेड लागलंय का तुम्हाला!" मी ते संस्कृती म्हणून स्वीकारलं. आता पाहतो तर शब्द घरातच होता, नववी-बसाठी राखून ठेवलेला.

संस्कृत व्याकरणात 'मी' हा उत्तम पुरुष, 'तू' मध्यम, आणि 'तो'— प्रथम पुरुष! आमच्या शास्त्रीबुवांनी हे पाठ करून घेतलं तेव्हा उलटं वाटायचं. आता नाही वाटत. जुन्या वैयाकरणांच्याही घरी कोणी तरी फझलिद्दीन येत असणार.

चहा झाला. त्याच्या पियाल्यात तळाशी दोन घोट, माझ्या पियाल्यात काठोकाठ. इथल्या रीतीने दोन घोट म्हणजे बसा, पुन्हा मागा, पुन्हा देते. काठोकाठ म्हणजे प्या आणि उठा.

आणि उठवलंच! फझलिद्दीनने यंत्राला कान लावला, हिरव्या दिव्याकडे पाहिलं, मुकद्दसकडे पाहिलं. मग मला अका, म्हणजे दादा, करून म्हणाला, "दोमला-अका, एक काम करा. शाळकरी खोडरबर आणा. पांढरंच हं! मेमरीची पट्टी घासायची आहे."

या देशात कॉम्प्युटरच्या प्रत्येक दुखण्यावर आधी खोडरबर घासतात, म्हणून मीही गेलो. पहिल्या दुकानात निळं, दुसरं बंद, तिसऱ्यात मिळालं. चाळीस मिनिटं.

परतलो तर यंत्र सुरू! पडद्यावर माझी सगळी पत्रं जागच्या जागी. "झालं, दोमला-अका. धूळ होती." टेबलावर वाकडीची सरळ केलेली एक कागदाची क्लिप पडलेली. फझलिद्दीन वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल, चपटं पिशवीत सरकवत होता. मुकद्दसचे डोळे लाल. म्हणाली, "कांदा." ओट्यावर कांदा नव्हता. जेवण कालचंच होतं.

खोडरबर माझ्या खिशात. वेष्टन अजून फोडलेलं नाही. मग दुरुस्त काय केलं, आणि कशाने?

६ नोव्हेंबर

मुकद्दस फोनवर होती. "अरे, पुढच्या शुक्रवारी? नक्की?" मी खोलीत गेलो, तिने फोन ठेवला.

"कोण होतं?"

"चुकीचा नंबर."

चुकीच्या नंबराला अरे?

७ नोव्हेंबर, शनिवार

पत्र पाठवलं. ताश्कंदच्या खरबुजांवर. इतकं कडवट पत्र खरबुजांवर आजवर कोणी लिहिलं नसेल.

ती सीडी होती, नक्की. काय असेल तिच्यात? वर्गाचे फोटो? गाणी? पन्नाशीला आलेल्या माणसाने इतक्या खालच्या पातळीला जाऊ नये. गेलो आहे.

८ नोव्हेंबर, रविवार

रेडिओबाजारात गेलो. सबब— खोडरबर परत करणे!

वाक्य घोकून गेलो होतो. गाळ्यात शिरलो आणि समोर भिंतीवर तिचा फोटो. त्याच्या बायकोचा. डोक्याला रुमाल, रुमालाखाली केस नाहीत, आणि हसतेय.

फझलिद्दीनने खोडरबर हातात घेऊन पाहिलं. आज टवाळी नाही.

"दोमला-अका, मी तुम्हाला उगाच पळवलं. रागावा."

"सीडीत काय आहे?"

"मी शब्द दिलाय. घरी जा. तिला विचारा. ओरडू नका फक्त."

त्याने चहा ओतला. माझ्या पियाल्यात, तळाशी दोन घोट.

घरी येऊन विचारलं नाही. तिने भात वाढला, मी जेवलो.

९ नोव्हेंबर, सोमवार

आज विचारलं.

सीडी तिच्या छातीच्या तपासणीची. डाव्या बाजूला गाठ आहे. सीडी लागेल असं घरात फक्त हेच यंत्र, म्हणून मागच्या सोमवारी मी शिकवायला गेल्यावर तिने घालून पाहिली. काही कळलं नाही, आणि ट्रे उघडेना. यंत्र रोज उठताना आधी तीच वाचायला जायचं आणि तिथेच थिजायचं. फझलिद्दीनने ट्रेच्या बारीक भोकात ती सरळ केलेली क्लिप खुपसून सीडी काढली आणि त्याच्या बायकोच्या डॉक्टरांकडे नेऊन दिली. सुईने तुकडाही काढून झालाय. शुक्रवारी निकाल.

"तू घाबरशील म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली.

'तू' म्हणाली. स्पष्ट. सेन.

मला नको तो शब्द. मला अहो हवंय, दोमला हवंय, काठोकाठ चहा हवाय. ती मरेल अशी मला भीती वाटते आहे.