आयलीची पदवी, डेलचे वाफघर

मी, आर्विड नुर्मेला, वय वर्षे त्र्याहत्तर, राहणार सुपीरियर, विस्कॉन्सिन, जहाजदुरुस्तीच्या गोदीतला निवृत्त वेल्डर, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. कोणी धाक घातलेला नाही. धाक आहे तो उद्याच्या शस्त्रक्रियेचा. पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे; दहातले नऊ जण उठतात, असे डॉक्टर म्हणाले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

वकीलबाईंनी हा मसुदा तपासला. मधल्या घरगुती गोष्टी काढून टाका म्हणाल्या. मी काढल्या नाहीत.

कलम १. माझी पत्नी लेम्पी चार वर्षांपूर्वी वारली. मुले दोन. थोरला डेल, पाइपजोडणीचा कारागीर. धाकटी आयली, इतिहासाची पदवीधर, जिल्हा तुरुंगातले वाचनालय चालवते आणि कैद्यांना परीक्षेसाठी शिकवते.

कलम २. राहते घर डेलला. वेल्डिंगचे सगळे सामानही त्यालाच. मोठी साखळी-कप्पी गोदीतल्या व्हर्नन आहोने १९९८ साली नेली ती परत आली नाही. ती त्याच्याकडेच राहू द्यावी, पण मी माफ केले असे त्याने समजू नये.

कलम ३. बँकेतली शिल्लक, माझे दफन उरकून उरेल ती, दोघांना निम्मी निम्मी. लेम्पीचे कॉफीचे तांब्याचे भांडे आयलीला.

कलम ४. तळ्यावरचे लाकडी घर आणि त्यालगतचे, वाफेने अंग शेकायचे वाफघर मागच्या मृत्युपत्रात डेलच्या नावे होते. ते आता माझ्या मिळकतीत नाही. का नाही, ते डेलला माहीत आहे, पण त्याला माहीत आहे तेवढेच खरे नाही, म्हणून लिहितो.

रविवारी मी दोघांना जेवायला बोलावून शस्त्रक्रियेचे सांगितले. डेलने बशी बाजूला सारली. आयलीने पिशवीतून एक जुना कागद काढला.

"बाबा, गुरुवारच्या आधी तुम्हाला हे कळायला हवं," ती म्हणाली आणि वाचू लागली. तिच्या शिक्षणकर्जाला जामीनदार मी. जामीनदार मेला की उरलेली सगळी रक्कम एकदम मागता येईल, आणि तिच्याकडून निघाली नाही तर माझ्या मिळकतीतून. घेतले तेव्हा अठ्ठेचाळीस हजार डॉलर होते. पदवीनंतर सहा वर्षे हप्ते भरून अजून एकेचाळीस हजार बाकी.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" डेलने विचारले.

"आई गेली तेव्हा सगळे कागद काढले होते. तेव्हापासून."

"म्हणजे रोज सकाळी सातला बाबांना फोन करतेस, गोळ्या घेतल्या का विचारतेस, ते कोणासाठी गं? बाबांसाठी का कर्जासाठी?"

मला वाटले ती रडेल किंवा उठून जाईल. ती म्हणाली, "दोन्हींसाठी. कर्ज नसतं तरी केला असता. पण कर्ज होतं, आणि बाबा, रोज तुम्ही फोन उचलला की मला हायसं वाटायचं, त्यातलं किती कशाचं ते मला सांगता येणार नाही."

डेलने पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले. "मी अठराव्या वर्षी कामाला लागलो. शिकताना मला पगार मिळाला. आज वर्षाला एकोणऐंशी हजार मिळवतो. हिने शिकायला पैसे मोजले, मिळवते चौतीस. आणि हिची पदवी माझं वाफघर खाणार? बाबा, ते बांधलं तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. त्यातली प्रत्येक फळी मी धरलीय."

त्याचे आकडे बरोबर होते. तसाच हिशेब मीही आयलीला दहा वर्षे प्रत्येक सणाला ऐकवला.

तेव्हा आयली माझ्याकडे वळली. "हा हिशेब तुम्ही तेव्हाच केला होता ना? मग सही का केलीत?"

त्याचे उत्तर तेव्हाच द्यायला हवे होते. ते इथे देतो. कॉलेजच्या कचेरीत अकरा पाने समोर आली. मागे दुसरे पालक उभे होते, चांगल्या कोटातले. मी विचारले, यात विशेष काही? तिथला माणूस म्हणाला, नेहमीचंच. एकही पान न वाचता मी सही केली, कारण त्या लोकांसमोर बोट ठेवून सावकाश वाचायची मला लाज वाटली. मुलीवर विश्वास होता म्हणून सही केली, असे लेम्पीला सांगितले. ते खोटे होते. आयलीचे वय तेव्हा अठरा होते, माझे त्रेसष्ट. चूक कोणाची, हे डेलने आता पाकिटाच्या पाठीवर मांडावे.

सोमवारी मी शेजारचा आयनार कोल्स्टाड याला तळ्यावरचे घर वाफघरासकट रोखीने विकले. तो बरीच वर्षे मागत होता. घाई ओळखून त्याने भाव पाडला. आज कर्ज फिटले, पावती सोबत जोडली आहे. विक्रीतले उरलेले पाच हजार डेलचे. ती भरपाई नव्हे. भरपाई माझ्याकडे नाही.

कलम ५. रविवारपासून डेल माझ्याशी बोलला नव्हता. आज दुपारी आला, दारातला बर्फ काढला, बूट न काढता उंबऱ्यात उभा राहिला.

"उद्या किती वाजता निघायचं?"

"पाचला. आयलीही येणार आहे."

"मागच्या सीटवर बसायला सांगा तिला," तो म्हणाला आणि गेला.

म्हणून असे ठरवतो की या मृत्युपत्राचे व्यवस्थापक डेल आणि आयली दोघे, एकत्र. घराची किल्ली, बँकेचा कागद, माझ्या थडग्यावरची अक्षरे, काहीही असो, दोघांच्या सह्या लागतील. एकाची चालणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, यात कामे रखडतील, दोघांना पुन्हा पुन्हा एका टेबलाशी बसावे लागेल. मी म्हणालो, तसेच लिहा.

वरील मजकूर मी स्वतः वाचला व खालील दोघांच्या देखत सही केली.

आर्विड नुर्मेला

साक्षीदार:
१. नॉर्मा हौगेन, शेजारीण
२. क्लिफर्ड बॉस्क, गोदीतले जुने सहकारी

सुपीरियर, विस्कॉन्सिन
बुधवार, ९ मार्च २०१६