आगोगो फाटकावरून परत फिरते

ट्रुगानिना, मेलबर्न
१४ ऑगस्ट २०२१

ती. लेखामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा अठरावा भाग काल पोचला. सिडनीहून इथे यायला अकरा दिवस लागले. लॉकडाउनमध्ये पोस्टाची गाडी बहुधा ढकलत आणतात. तू ईमेल शिकणार नाहीस हे मी केव्हाच पदरात घेतलंय. पण मावशी, आगोगो पुन्हा परत का आली?

मलावीतल्या खेड्यांसाठी ही रेडिओ मालिका आपण करतोय ती लोकांनी लस घ्यावी म्हणून. आगोगो म्हणजे तिकडची आजी, मालिकेत सगळ्यांची लाडकी, आणि तिने लस घ्यायची हे जूनमध्येच ठरलं होतं. सोळाव्या भागात ती दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेली आणि चुलीतला जाळ विझवला का ते आठवेना म्हणून परतली. सतराव्यात वारा फार होता. आता म्हणते, चांगली लस पुढच्या बोटीने यायची आहे. मलावीला समुद्रकिनारा नाही गं.

युनिव्हर्सिटीतले आमचे प्रकल्पप्रमुख डॉ. शिरीष भयंकर वैतागलेत. आगोगोच्या तोंडी घालायला त्यांनी लशीचे नऊ मुद्दे दिलेत, सोबत जोडलेत. मला सहावा महिना संपत आला. आईला पुण्याहून येता येत नाही, बाळंतपणाला तू येणार म्हणून अपूर्व निर्धास्त आहे. निदान माझ्यासाठी तरी वेळेवर पोच.

विवेकदादा आणि मेधावहिनीला नमस्कार. लोभ आहेच, त्यातला थोडा शिरीषसरांच्याही वाट्याला येऊ दे.

तुझी,
मिताली

---

केलीव्हिल, सिडनी
२३ ऑगस्ट

चि. मितालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नऊ मुद्दे मिळाले. मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी केली, कागद चांगला आहे.

तुझ्या साहेबांना सांग, आकाशवाणीच्या पुणे केंद्रासाठी मी सव्वीस वर्षं मालिका लिहिल्या, गोबरगॅसपासून पोलिओच्या डोसापर्यंत. मालिकेला एक शहाणा लागतो, एक हटवादी आणि एक काठावरचा. शहाण्याचं कोणी ऐकत नाही, तसला घरोघरी असतोच. लोक हातातलं काम टाकून बसतात ते काठावरच्यासाठी. त्याला मागून ढकललं की रेडिओ बंद होतो. आगोगो नऊ मुद्दे बोलायला लागली तर ऐकणाऱ्या बायका लगेच ओळखतील की ही आजी नव्हे, साहेबच लुगडं नेसून आलाय.

शिवाय सुईला आवाज नसतो. रेडिओवर ज्याला आवाज नाही ते घडतच नाही. लस टोचतात त्या खोलीत काय ऐकू येतं ते मला सापडत नाही, मग लिहू कशी? ती अजून तयार नाही, एवढं समज आणि घाई करू नकोस.

बाळंतपणाची काळजी तू करायची नाहीस. डिंक, अळीव, खारीक सगळं आणून ठेवलंय. राज्यांमधली बंद सीमा उघडली की निघालेच. अपूर्वला आशीर्वाद, आणि माझ्यावर चिडलीस तरी जेवत जा.

तुझी,
लेखामावशी

---

ट्रुगानिना
२ सप्टेंबर

ती. मावशीस,
शि. सा. न. आज विनंती नाही, तक्रार आहे.

तिकडे मालिका त्यांच्या भाषेत उतरवून ध्वनिमुद्रित करते ती तमांडा, तिचा फोन आला होता. एका गावात बायकांचा गट आंब्याखाली रेडिओ ठेवून आपली मालिका ऐकतो. लस घेऊन आरोग्यसेविका सायकलने तिथवर गेली, तर चौदाही जणी म्हणाल्या, आगोगो घेईल तेव्हा आम्ही घेऊ. सेविका आली तशी परत गेली. त्यांच्यातली एक आता तापाने दवाखान्यात पडून आहे.

दुसरा फोन विवेकदादाचा. तू लशीसाठी तीनदा अपॉइंटमेंट घेतलीस आणि तीनदा लसीकरण केंद्राच्या दारातून परत आलीस म्हणे. पहिल्यांदा गॅस बंद केला का ते आठवेना. मग वारा फार होता. तिसऱ्यांदा, दुसरी चांगली लस येतेय. मी तुझे तिन्ही भाग समोर घेऊन एकेक कारण जुळवत बसले. मावशी, आगोगो तयार नाही असं मला लिहिताना तुझा हात अडखळला नाही?

सीमा उघडली तरी डोस नसलेल्यांना इकडे सोडणार नाहीत असं सगळे म्हणतात. म्हणजे नोव्हेंबरात माझ्याजवळ कोणी नाही. मला बाळंतपणाची भीती वाटते, टाक्यांची तर फारच. अपूर्वला सांगितलं तर तो यूट्यूबवर शोधायला बसतो. हे बोलायला मला तू हवी होतीस. नुसता डिंक घेऊन मी काय करू?

लोभ आटणार नाही, पण सध्या रागाखाली आहे.

मिताली

---

केलीव्हिल
१० सप्टेंबर

चि. मितालीस,
आशीर्वाद, जरा खाली मान घालून.

विवेक चुगलखोर आहे, पण खोटारडा नाही. मी घाबरले होते. टीव्हीवर रोज रक्ताच्या गुठळ्या दाखवायचे. लाखात एखाद्याला होतं म्हणतात; मला जन्मात कधी लॉटरी लागली नाही, पण ही नेमकी लागेल असं वाटायचं. सव्वीस वर्षं लोकांना शहाणपण वाटलं, त्यामुळे मी स्वतः काठावर आहे हे कबूल करायची लाज वाटली. मग सगळं त्या बिचाऱ्या आगोगोच्या अंगावर घातलं.

तुझं पत्र आलं आणि त्या चौदा जणी डोक्यातून जाईनात. बुधवारी गेले. विवेकला गाडीतच बसवून ठेवलं, परत फिरले तर बघायला कोणी नको म्हणून. फिरले नाही. स्वेटरवर स्वेटर घातलेले, बाही दंडापर्यंत चढेना, तर नर्स नो वरीज म्हणत स्वतःच ओढायला लागली. टोचलं त्याचा खरंच आवाज झाला नाही.

नंतर पंधरा मिनिटं खुर्चीत बसवतात. लांब लांब खुर्च्या, सगळे गप्प. पण आतून येणारा प्रत्येक माणूस खुर्चीत टेकला की मास्कमधून एक मोठा श्वास सोडतो. मीही सोडला. मला हवा होता तो हाच आवाज. सोबत नवा अठरावा भाग आहे. त्यात मुद्दा एकही नाही. आगोगो बाकावर टेकते, श्वास सोडते आणि शेजारी जागा करून देते.

दुसरा डोस एकवीस ऑक्टोबरला. राग उरला असेल तर ठेव, पण माझा पलंग कुणाला देऊ नकोस.

तुझी,
लेखामावशी

---

ट्रुगानिना
६ ऑक्टोबर

ती. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून रडले, मग जेवले. शिरीषसरांनी भागात मुद्दे कुठे आहेत म्हणून दोन मीटिंगा घेतल्या. तोवर तमांडाने तो लावूनही टाकला. तापाने पडलेली घरी आली आहे. चौदातल्या अकरा जणी जाऊन आल्या. तिघी अजून काठावर.

त्या बायकांचं पत्र आलंय. लशीबद्दल अक्षर नाही. आगोगोचा दंड दुखतोय का, आणि त्या दिवशी तिच्या घरी स्वयंपाक कोणी केला, एवढंच विचारलंय. सरांच्या मते उत्तर द्यावं की किरकोळ अस्वस्थता संभवते. मी हात टेकले. तूच काय ते सांग.

पलंग तुझाच आहे. वाट पाहतेय, लवकर आवर.

तुझी,
मिताली

---

केलीव्हिल
१६ ऑक्टोबर

चि. मितालीस,
अनेक आशीर्वाद, पोटातल्यालाही.

त्यांना कळव, दंड दुखला. चांगला दोन दिवस दुखला, डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. स्वयंपाक विवेकने केला आणि खिचडी खाली लागली. तिकडचं जे काही खाली लागत असेल ते तमांडाला घालू दे. पण दुखतो हे नक्की सांगा. खोटं सांगितलंत तर त्या तिघी फाटकावरूनच परत फिरतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

येत्या गुरुवारी दुसरा डोस. या वेळी विवेकला आत नेणार आहे, एकटीने जायची हौस फिटली. बॅग भरून दारात ठेवली आहे, मेधा येता-जाता तिला अडखळते.

तू टाक्यांचं लिहिलं होतंस, मी उत्तर टाळलं. तेही दुखतात. मी येते आहे.

तुझी,
लेखामावशी